पायावरचे पीस आणि परीक्षकाची नजर

गेल्या नाताळच्या थोडे आधीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तो आमच्या धर्मग्रामातील एक तरुण शेतकरी डालगे घेऊन दाराशी उभा. डालग्यात ब्रह्मा जातीची जोडी होती. अंगाने दांडगी, पायांच्या बोटांपर्यंत पिसे. वैशाखात एका विक्रेत्याकडून त्याने ती हजारो रुपये मोजून आणली होती.

"फादर, घेतली तेव्हा कोंबड्याचा घोटा अगदी साफ होता. आता जुनी पिसे झडून नवी आली, तर हे बघा काय निघालंय. पिल्लांतही निम्म्यांना तेच. गिऱ्हाईक म्हणतं, माल दोषी आहे, अर्ध्या किमतीत दे. फादर, हा खरंच दोष आहे का?"

आम्हांस कोंबड्यांचा नाद सेमिनरीपासूनचा. तेथील खुराड्याचे काम आमच्याकडे असे. पुढे दोन-तीन मेळाव्यांत कोंबड्यांचे परीक्षक म्हणूनही आम्हांस बसविण्यात आले. तरीही त्या तरुणाच्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता आले नाही. अशा शोभेच्या कोंबड्या पाळण्याची हौस आता आपल्या भागातही पोहोचली आहे. मोबाइलवरचे छायाचित्र पाहून पैसे मोजले जातात. म्हणून या प्रश्नाचा विचार सर्वांसमोर मांडणे आम्हांस योग्य वाटते.

हे पीस कोणते?

कोंबडीच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो, त्याला आपण गुडघा म्हणतो. खरे पाहता तो तिचा घोटा होय. तिचा गुडघा वर, पोटाच्या पिसांत झाकलेला असतो. घोट्याखालची जी नळी, तिच्यावर आपल्या गावठी कोंबडीला बहुधा नुसते खवले असतात. ब्रह्मा, कोचीन, लँगशान, सिल्की या जातींच्या नळीवर पिसे येतात. ही पिसे मऊ असोत की लांब, ती त्या जातीची ओळखच आहे.

परंतु काही पक्ष्यांच्या घोट्याच्या वरून, मागच्या व खालच्या बाजूस, ताठ आणि कडक देठाची लांब पिसे निघतात. जणू कोणी पंखातली पिसे काढून घोट्याला खोचली आहेत. इंग्रजीत त्याला व्हल्चर हॉक म्हणतात. आपण गिधाडी घोटा म्हणू. त्या तरुणाच्या कोंबड्याला जे निघाले होते, ते हेच.

पंखाशी केलेली ही तुलना अगदीच हवेतली नाही. पारव्यांवरील एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या पारव्यांच्या पायांवर भरघोस पिसे असतात, त्यांच्या पायाची घडण अंड्यात असतानाच थोडीशी पंखाकडे झुकलेली असते, असे त्यात दिसून आले. एरवी पंखाच्या बाजूस जागा असणारा एक जीन त्यांच्या पायातही जागा होतो. कोंबड्यांच्या पायांवरील पिसांमागेही तेच दोन जीन आहेत, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आले. तेव्हा पायावरचे पीस ही निव्वळ सजावट नव्हे. तो पक्ष्याच्या घडणीचाच भाग आहे, आणि म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो.

एक पीस, तीन निकाल

आता दोषाचा प्रश्न. ब्रह्मा हे नाव ऐकून ही जात आपल्या देशातली असेल असे वाटते. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले खरे, पण जात अमेरिकेत घडली. १८४०च्या दशकात शांघायहून तेथे गेलेल्या मोठ्या पक्ष्यांपासून ती तयार झाली, आणि चितगावकडील पक्ष्यांचे रक्तही तिच्यात मिसळले असावे असे मानले जाते. कोचीनचेही तसेच. तिचाही उगम चीनमधला, केरळातील कोचीशी तिचा संबंध नाही. १८४९ साली बॉस्टन शहरात कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि या परदेशी पक्ष्यांच्या किमती आभाळाला भिडल्या. १८५२ साली जॉर्ज बर्नहॅम या व्यापाऱ्याने इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला नऊ पक्षी भेट पाठवले, त्यामुळे मागणी आणखी वाढली. याच बर्नहॅमने १८५५ साली या साऱ्या वेडावर थट्टेचे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या नावातच त्याला कोंबड्यांचा ज्वर म्हटले. ज्वर चढविणारांपैकीच एकाने तो उतरल्यावर हसावे, यात आजच्या घेणाऱ्यानेही शिकण्यासारखे आहे.

ज्वर ओसरला तसे नियम आले. इंग्लंडमध्ये १८६५ साली आणि अमेरिकेत १८७४ साली, कोणती जात कशी दिसावी याची मानके छापली गेली. येथेच आमच्या प्रश्नाची खरी गंमत आहे.

अमेरिकन मानकाप्रमाणे ब्रह्मा किंवा कोचीन पक्ष्याला गिधाडी घोटा असेल तर तो स्पर्धेतून बाद. इंग्लंडच्या मानकात ब्रह्माच्या घोट्यावर मऊ, गोलसर पिसे हवीत असे म्हटले आहे. तथापि नळी व पंजावरची पिसेही त्याच प्रमाणात भरघोस असतील तर घोट्यावरचे ताठ पीस चालवून घेतले जाते. ताठ पीस नसता पाय भरघोस असेल तर उत्तमच. आणि तिसरीकडे बेल्जियममधील दाढीवाली द'उक्ल ही छोटी जात घ्या, किंवा १८५४ साली तुर्कस्तानातून इंग्लंडात आलेली सुलतान ही पांढरी कोंबडी घ्या. त्यांना गिधाडी घोटा असलाच पाहिजे; नसेल तर तोच दोष!

म्हणजे पीस एकच. एका देशात ते पक्ष्याला बाद करते, दुसऱ्या देशात खपते, आणि तिसऱ्या जातीत त्याच्यावाचून बक्षीस नाही. बोटांचेही तसेच आहे. ब्रह्मा व कोचीन यांच्या मधल्या बोटावर पीस नसेल तर ते उणे मानतात. मेजर क्रोड यांनी १८७२ साली चीनमधून इंग्लंडात आणलेल्या लँगशानला मात्र नळी व बाहेरचे बोट एवढ्यावरच पीस पुरे. उलट लेगहॉर्न किंवा रोड आयलंड रेड यांच्या नळीवर पिसाचा एक बारीक खुंट सापडला तरी पक्षी बाद होतो. आपल्याकडे सरकारी कुक्कुटपालन केंद्रांतून अनेक वर्षे वाटला गेलेला हा रोड आयलंड रेड. त्याच्या पूर्वजांत पायावर पिसे असलेले शांघायी पक्षी होते. मग कधीमधी तो खुंट वर आला तर नवल काय?

यावरून आमचे पहिले मत असे की, दोष हा शब्द उच्चारण्यापूर्वी विचारावे: कोणत्या जातीत? कोणत्या मानकाप्रमाणे? आपल्या मेळाव्यांत परीक्षक बहुधा हे सांगतच नाहीत. एक अमेरिकन पुस्तक वाचून येतो, दुसरा इंग्रजी. गेल्या वर्षी पहिला आलेला पक्षी यंदा बाद होतो आणि शेतकरी गोंधळतो. मेळावा भरविणाऱ्यांनी कोणते मानक धरले आहे ते महिनाभर आधी फलकावर लावावे, आणि परीक्षकाने निकालासोबत दोन ओळींचे कारण लिहावे. एवढे केले तरी निम्मी भांडणे मिटतील.

तीन प्रकारचे दोष

दुसरे मत असे की, सर्व दोषांना एकाच मापाने मोजू नये. आमच्या समजुतीने त्यांचे तीन प्रकार आहेत.

पहिला, रक्तातला दोष. गिधाडी घोटा यात मोडतो. पंखांचे दोन दोषही यातलेच. पंख मिटल्यावर बाहेरची लांब पिसे आतल्या पिसांखाली नीट सरकून बसली पाहिजेत. ती बाहेरच लोंबत राहिली तर तो निसटलेला पंख. पंख उघडून पाहता बाहेरची व आतली पिसे यांमध्ये कायमची फट दिसली तर तो फाटका पंख. भारी अंगाच्या, भरभर वाढणाऱ्या नरांत हे अधिक आढळते. बक्षिसाला येणारे पुष्कळ पक्षी पायाने भरघोस पण पंखाने सैल असतात, आणि परीक्षक पायाकडेच पाहत राहतो. आमच्या मते पंखाचा दोष गिधाडी घोट्याहून गंभीर धरावा.

दुसरा, निगेतला दोष. चिखलाने माखलेले पंजे, तुटकी पिसे, मळकी शेपूट. यात पक्ष्याचा काही अपराध नाही, मालकाचा आहे. त्याचे गुण जरूर कापावेत, पण वंशासाठी पक्षी निवडताना त्यावरून पक्षी टाकून देऊ नये. तुटलेले पीस पुढच्या झडीला नवे येते.

तिसरा, लपविलेला दोष. ताठ पिसे उपटणे, मुळाशी कातरणे, साफ पायाच्या जातीचे खुंट चिमट्याने काढणे, रंग लावणे. हा दोष पक्ष्याचा नाहीच. प्रदर्शनापूर्वी कोमट पाणी व साबणाने पाय धुणे ही निगा होय. घोट्याचे पीस उपटणे ही फसवणूक होय. या दोहोंमधली रेघ इतकी स्पष्ट असताना "सगळेच करतात" असे म्हणून ती पुसणे बरे नव्हे.

लपविलेले ओळखावे कसे? उपटलेले पीस काही आठवड्यांत पुन्हा फुटू लागते. घोट्यामागची मऊ पिसे बोटांनी वर सारून पाहावे. उघडी भोके, किंवा देठात रक्त असलेली कोवळी टोके दिसतात. कातरलेले पीस मात्र पुढची झड होईपर्यंत वाढत नाही. त्याचा बोथट खुंट बोटाला टोचतो. नजरेपेक्षा बोट अधिक प्रामाणिक. त्या तरुणाच्या कोंबड्यात वैशाखात काही नव्हते आणि झडीनंतर सारे उगवले. यावरून कोणीतरी कात्री चालविली असावी असे आम्हांस वाटले. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले नाही, म्हणून कोणावर आरोप करीत नाही. पण घेताना त्याने एकदा बोट फिरविले असते, तर पुढचा मनस्ताप टळला असता.

जोडी लावताना

कोणी म्हणेल, पीस उपटले तर बिघडले काय? पक्षी तर तोच. बिघडते ते येथे. गिधाडी घोटा हा सामान्यतः दबून राहणारा गुण आहे. आई व बाप दोघांकडूनही तो आला तरच पिल्लात उघड दिसतो. एकाकडूनच आला तर पिल्लू दिसायला साफ राहते, पण पुढच्या पिढीला देते. त्या तरुणाची कोंबडी दिसायला अगदी साफ होती. पण निम्म्या पिल्लांत ताठ पीस आले, यावरून तिच्या रक्तातही ते आहे असे समजावे. अशा दोन साफ दिसणाऱ्या पण रक्तात गुण असलेल्या पक्ष्यांची जोडी लावली, तर सरासरीने चारांतील एका पिल्लात तो वर येतो. हे प्रमाण चार-सहा पिल्लांत काटेकोर दिसणार नाही. पंचवीस-तीस पिल्ले पाहावी लागतात.

म्हणून पीस उपटणारा एका पक्ष्याचे रूप बदलतो, पण विकत घेणाऱ्याच्या पुढच्या तीन-चार पिढ्यांचा हिशेब चुकवतो. शेतकरी बियाण्याच्या बाबतीत हे चांगले जाणतो. भेसळीचे बी कोणी गळ्यात मारले तर नुकसान एका पोत्याचे होत नाही, हंगामाचे होते.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ताठ पीस दिसले की मान मुरगाळावी, असे आम्ही म्हणत नाही. पायावर पिसे अधिकाधिक दाट व्हावीत म्हणून निवड करीत गेले की गिधाडी घोटा त्याच्यासोबत पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, हा या जाती पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. ज्या पक्ष्याची छाती, पाठ, पंख, चाल उत्तम आहे आणि फक्त घोटा दोषी आहे, तो साफ वंशाच्या जोडीदारासोबत ठेवून पाहावा. पिल्ले साफ दिसतील, पण ती सर्व गुण वाहणारी असतील. त्यांची नोंद वहीत ठेवावी. दोन्ही बाजूंनी दोषी जोडी मात्र लावू नये. आणि विकताना वहीतली ओळ घेणाऱ्याला दाखवावी.

पक्ष्याला चालता यावे

शेवटचे मत आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. परीक्षकाने पक्षी हातात घेण्यापूर्वी त्याला जमिनीवर सोडून चालताना पाहावे. अमेरिकन मानकात पूर्ण वाढलेल्या लाइट ब्रह्मा कोंबड्याचे वजन १२ पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच किलो सांगितले आहे. एवढे वजन ज्या पायांवर उभे राहायचे, ते पाय आधी मजबूत हवेत, पिसे मागाहून. पंज्यावरची पिसे इतकी वाढली की कोंबडा अडखळतो, कोंबडीवर नीट चढू शकत नाही, आणि मग अंडी फुकट जातात. शेपटीखालची पिसे कातरून जोडी लावणारे पुष्कळ आहेत. जे पीस प्रदर्शनासाठी वाढवायचे आणि वंशासाठी कापायचे, त्याला जास्त गुण द्यावेत का, याचा विचार परीक्षकांनी करावा.

आमच्या खानापूरकडच्या पावसात तर हा प्रश्न आणखी बिकट. जूनपासून अंगण म्हणजे चिखल. पिसांत चिखल वाळून त्याचे गोळे होतात, बोटांच्या मधे कातडी सडते. पायावर पिसे असलेल्या कोंबड्या पावसाळाभर कोरड्या जागीच ठेवाव्यात. खाली भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा असावा आणि ओला झाला की बदलावा. बसण्याची दांडी जमिनीपासून फार उंच नको. जड पक्षी उडी मारताना पंजा दुखावतो. पंजावरचे कोवळे, रक्त असलेले पीस तुटले तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे, आणि रक्त थांबेपर्यंत पक्षी एकटा ठेवावा. रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या टोचतात.

खवल्यांखाली शिरणाऱ्या बारीक किड्याकडेही लक्ष असावे. त्यामुळे खवले उचलतात, पांढरट खपली धरते, पाय जाड व वेडावाकडा होतो. साफ पायाच्या कोंबडीत हे लगेच दिसते. पिसांच्या पायात ते महिनोन्‌महिने झाकून राहते. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा पिसे बाजूस सारून नळी पाहावी. कोमट साबणपाण्यात पाय भिजवून खपली मऊ करावी. ओढून काढू नये. मग खोबरेल किंवा व्हॅसलीन दाट लावावे आणि काही दिवसांनी पुन्हा लावीत जावे. दांड्या व खुराडेही स्वच्छ करावे. जुनी माणसे रॉकेल लावीत. त्याने कातडी भाजते, ते लावू नये. त्रास वाढला तर पशुवैद्यकाला दाखवावे. औषध दिल्यास अंडी किती दिवस खायची नाहीत हेही त्यालाच विचारावे. असा खपलीचा पाय घेऊन आलेल्या पक्ष्याला, त्याची पिसे कितीही भरघोस असोत, मेळाव्यात प्रवेशच देऊ नये. शेजारच्या पिंजऱ्यातील पक्ष्यांचाही विचार करावा लागतो.

तरुणाला दिलेले उत्तर

त्या तरुणाला आम्ही सांगितले, "अमेरिकन नियमाने हा दोष आहे, इंग्रजी नियमाने याच्या पायावर पिसे भरघोस आहेत तोवर चालेल. पण तुझे गिऱ्हाईक कोणत्या नियमाने घेते ते आधी विचार. आणि विकायचे तर जसे आहे तसे सांगून विक. कात्री हातात घेऊ नकोस."

तो थोडा हिरमुसला. अर्ध्या किमतीने त्याचे हात पोळले होते, आणि कात्री चालविली तर पुढच्या झडीपर्यंत कोणाला कळणार नव्हते, हे त्यालाही ठाऊक होते. आठवडाभराने तो पुन्हा आला. दोन नर त्याने घोटे दाखवून, कमी भावात विकले. मूळ कोंबडा ठेवला नाही. कोंबडी व दोन साफ तलंगा ठेवल्या, आणि ओळखीच्या माणसाकडून ज्याची तीन पिढ्यांची नोंद आहे असा नर तो आणणार आहे. आम्ही त्याला एक कोरी वही दिली.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशा कोंबड्या आहेत, त्यांनी या आठवड्यात घोट्यामागे एकदा बोट फिरवून पाहावे. काय सापडते ते लिहून ठेवावे, आणि पुढच्या मेळाव्यात परीक्षकाला कारण विचारावे. त्या तरुणाच्या नव्या जोडीची पिल्ले पावसाळ्यानंतर पिसे धरतील. त्यांत काय निघते ते आम्ही याच पानावर कळवू.